मधाला आच किती?

‘साखर अजिबात नको. फक्त मध घालून छोटा केक करून द्याल का? बाळाचं उष्टावण आहे.’

माझी मुलगी पुण्यात घरून केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेते. असे निरोप तिला आता नेहमीचे झाले आहेत. साखर विष आणि मध औषध, अशी वाटणी शहरातल्या तरुण आईबापांनी परस्पर करून टाकलेली आहे. हा निरोप आला तेव्हा माझी थोरली बहीण आमच्याकडे मुक्कामाला होती. तिचं सासर जावळी खोऱ्यातलं. मेहुण्यांनी सातेरी माश्यांच्या पेट्या सांभाळल्या, आता भाचा सांभाळतो. आत्या-भाचीचं एरवी अगदी गूळपीठ, पण मधावरून दोघींची जुंपली. बोलणं झालं तसं इथे देतो. मधूनमधून मीही तोंड घातलं आहे, कारण या घरात फसलेले केक खाण्याचं खातं माझ्याकडे आहे.

आत्या : उष्टावणाला केक? बरं, असू दे. पण मध भट्टीत घालणार तू? एकशे ऐंशी डिग्रीला?

भाची : एकशे साठ. मधाचा केक एकशे ऐंशीला ठेवला तर वरून काळा होतो आणि आत कच्चा राहतो. मधातलं फ्रुक्टोज साखरेपेक्षा फार लवकर लाल होतं. पण ही ऑर्डर मी घेणारच नाहीये, आणि त्याचं कारण वेगळं आहे. ते मग सांगते. आधी तुझं काय म्हणणं?

आत्या : माझं कसलं, चरक-सुश्रुतांचं. मध तापवायचा नाही, कढत पदार्थात घालायचा नाही, उन्हातून तापून आलेल्या माणसाला द्यायचा नाही. वाग्भटांनी सूट दिली ती वमनाला आणि निरूह बस्तीला, कारण तिथे मध अंगी जिरायच्या आत बाहेर पडतो. च्यवनप्राश घरी करताना पाहिलायस ना? आवळ्याचा गर परतायचा, पाकात आटवायचा, आणि सगळं पूर्ण गार झालं की मग मध. ज्यांनी हे ठरवलं त्यांना चूल पेटवता येत नव्हती असं नाही.

भाची : आणि रोज सकाळी अख्खं पुणं गरम पाण्यात लिंबू-मध पितं, त्याचं काय?

आत्या : कोमट म्हणावं. कढत पीत असतील तर चुकतात.

भाची : आत्या, तापवल्यावर मधात काय होतं ते आता मोजता येतं. त्यात हायड्रॉक्सिमिथाइलफर्फ्युरल नावाचा पदार्थ वाढतो. लोक त्याला एचएमएफ म्हणतात. मध आंबट असतो, त्यात फ्रुक्टोज भरपूर, आणि या दोन्हींना उष्णता मिळाली की तो तयार होतो. आपल्याकडच्या मानकात किलोमागे 80 मिलिग्रॅमच्या वर तो चालत नाही. पण ती मर्यादा मध ताजा आहे का, फार तापवलाय का हे ओळखायला आहे. मध विषारी झाला असं ती सांगत नाही. बाबा पितात त्या भाजलेल्या कॉफीच्या पुडीत हाच पदार्थ किलोमागे त्याच्या कितीतरी पट असतो. पावाच्या लाल कडेतही असतो.

आत्या : मग तुझ्या काकांचं ऐक. जुना, तापलेला मध ते कधी माश्यांना परत घालत नसत. मरतात त्या.

भाची : हे खरं आहे. एचएमएफ माश्यांना घातकच आहे.

आत्या : झालं तर मग.

भाची : झालं काय? माशीला जे मारतं ते माणसालाही मारेलच असं थोडंच आहे! आणि केकच्या आत कुठे एकशे साठ होतं? भट्टी एकशे साठ असली तरी पिठात पाणी असतं तोवर आतलं तापमान शंभराच्या खालीच राहतं. कड आणि वरचा पापुद्रा तेवढा जास्त तापतो.

इथे दोघी थोड्या अडल्या. माझं मत विचाराल तर या मुद्द्यावर भाची जास्त बरोबर आहे, पण तिच्या गिऱ्हाइकांना ते सांगून उपयोग नाही. ज्यांना मध औषध वाटतो ते भट्टीला भीत नाहीत. जे भट्टीला भितात ते केकच मागवत नाहीत. खरी गडबड ‘औषध’ या समजुतीत आहे, म्हणून मी मुलीकडून तिची वजनांची वही मागून घेतली.

एक कप साखर म्हणजे 200 ग्रॅम. तिच्यातून जवळजवळ 775 कॅलरी मिळतात. मध जास्त गोड, म्हणून एका कपाऐवजी पाऊण कप घालावा असं केक करणारे सांगतात. पण मध जड असतो. पाण्याच्या एक लिटर जागेत तो जवळपास एक किलो चारशे ग्रॅम बसतो. पाऊण कप मध भरतो 255 ग्रॅम, आणि 100 ग्रॅमला 304 कॅलरी धरल्या तर बेरीज पुन्हा 775च्याच आसपास येते. पाव कप वाचवल्याचं समाधान मिळतं, कॅलरी तेवढ्याच राहतात.

आत्या : म्हणजे मध आणि साखर एकच, असं म्हणतोस तू?

मी : एक नाहीत. पण ‘साखर नाही, मध आहे’ म्हणून मधुमेही माणसानं दोन तुकडे जास्त घ्यावेत, एवढेही वेगळे नाहीत. मधात अडतीस टक्क्यांच्या आसपास फ्रुक्टोज, एकतीसच्या आसपास ग्लुकोज आणि सतरा-अठरा टक्के पाणी असतं. जागतिक आरोग्य संघटना मधातल्या साखरेची गणना मोकळ्या साखरेतच करते, आणि दिवसाच्या एकूण उष्मांकांत तिचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते.

भाची : म्हणूनच मी डब्यावर ‘शुगर-फ्री’ लिहीत नाही. ‘मधाचा केक’ लिहिते. त्यामुळे दोन ऑर्डरी गेल्या, जाऊ देत.

आत्या : मग घालतेस कशाला? साखर चाळीस-पंचेचाळीस रुपये किलो. आमचा मध तिच्या दहा-बारा पट तरी. गुण तोच, कॅलरी त्याच, वर भट्टीची कटकट. कशाला?

मला वाटतं, मधाच्या केकबद्दल विचारण्यासारखा प्रश्न हा एकच आहे. भाचीनं त्याला लगेच उत्तर दिलं नाही. आधी मध कुठे चालत नाही ते सांगितलं, आणि ते ऐकण्यासारखं होतं.

भाची : नानकटाईत नाही घालत. तूप आणि पिठीसाखर फेटतो तेव्हा साखरेचे कण तुपात घुसून हवा धरतात. त्या हवेनंच ती खुसखुशीत होते. मधाला कणच नाहीत, हवा कोण धरणार? शिवाय मध हवेतली ओल ओढतो. मधाची नानकटाई दुसऱ्या दिवशी मऊ पडते. चिक्कीतही एकटा मध चालत नाही, कडक होतच नाही, हाताला चिकटत राहते. आणि नुसत्या स्पंजमध्ये तो आंबटपणा आणतो, म्हणून चिमूटभर सोडा घालायचा. मधाबरोबर पाणी येतं, म्हणून दूध कमी करायचं. साखरेच्या कृतीत साखर खोडून मध लिहिलं की केक बसलाच म्हणून समज.

आत्या : एवढं सगळं माहीत असून?

भाची : कारण ओल ओढण्याचा तोच गुण गव्हाच्या पिठाच्या केकला लागतो. साखरेचा गव्हाचा केक दोन दिवसांत भुगा होतो. मधाचा आठवडाभर मऊ राहतो, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगला लागतो. आलं, दालचिनी, लवंग, वेलदोडा घातलेला असेल तर विचारूच नकोस. जर्मनीत न्यूर्नबर्गला लेबकुखन करतात, सुंठ-दालचिनी घातलेले मधाचे केक. सहाशे वर्षांपूर्वीपासून तिथे त्यांचे कारागीर आहेत. गावाच्या भोवती राजाचं जंगल होतं, त्यात झाडांवर मोहोळं राखणाऱ्या माणसांना हक्क दिलेले होते. मसाला व्यापाराच्या वाटेनं यायचा, त्यात आपल्या मलबारचीही मिरी. त्या लोकांनी शेकडो वर्षं मध भट्टीत घातलाय, आत्या. त्यांना साखर परवडत नव्हती आणि मध दारात होता.

आत्या : बरोबर. साखर नव्हती म्हणून. आपल्याकडे उसाचा गूळ होता, खांड होती. शिजवायचं गोड त्यात शिजवलं आणि मध बाजूला ठेवला. पंचामृतात बघ, दूध, दही, तूप, मध आणि साखर. दोन्ही गोड शेजारी-शेजारी, आणि यातलं काहीच विस्तवावर चढत नाही. लग्नात मधुपर्क देतात, तोही दही, मध, तूप असा कच्चाच.

मी इथे आत्याच्या पारड्यात थोडं टाकलं. वैदिक काळात जवाच्या पिठाचा अपूप करत. तुपात तळून किंवा पाण्यात उकडून तो मग मधात बुडवत, असं के. टी. अचया यांनी भारतीय अन्नाच्या इतिहासात लिहिलं आहे. विस्तव आधी, मध नंतर. आपल्या कोकणातल्या, म्हणजे अलिबाग-पेणकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल घरांतही हाच क्रम दिसतो. त्यांच्या नववर्षाला, रोश हशनाला, सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. मध तिथे कच्चा. त्याच सणाला हलवा शिजतो तो गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून, आणि त्यात पडते साखर. युरोपातल्या ज्यूंनी याच सणाला मध पिठात घालून केक भाजला. एकाच सणाला मधाच्या दोन तऱ्हा झाल्या, त्या ज्या मुलखात राहिले तिथल्या कोठारात काय होतं त्यावरून.

भाची : आणि गल्लीतला अय्यंगार बेकरीवाला? त्याचा हनी केक? तोही मध नंतरच ओततो. साधा स्पंज, त्याला भोकं पाडून पाक, वर लाल जॅम आणि खोबऱ्याचा कीस.

आत्या : त्यात मध किती आणि साखरेचा पाक किती ते त्यालाच विचार.

भाची : नावापुरताच असतो बऱ्याच ठिकाणी. पण पद्धत चांगली आहे. स्पंज साखरेचा, तो कोमट झाला की मध थोड्या पाण्यात सैल करून वरून ब्रशनं लावायचा. मी लिंबाच्या केकला तसंच करते. मधाचा वास जसाच्या तसा राहतो.

आत्या : हेच मी घसा कोरडा करून सांगतेय! अगं, वास म्हणजेच मध. विषबीष राहू दे बाजूला. जांभळाच्या मधाला जांभळाचा तुरटपणा असतो, मागे जरा कडवट लागतो. पिशाचा वेगळा, गेळ्याचा वेगळा. कारवी सात-आठ वर्षांतनं एकदा फुलते, त्या वर्षीचा मध घट्ट, काळपट. ते वर्ष आलं की पेट्या कुठल्या सड्याजवळ न्यायच्या यावरून गावात भांडणं होतात. एवढं करून मिळालेला मध तू मैद्यात कालवून चाळीस मिनिटं भाजणार. बाहेर आल्यावर तो जांभळाचा होता की राजस्थानातल्या मोहरीचा, सांगता येईल तुला?

भाची : जांभळाचा सांगता येईल.

आत्या : थापा.

भाची : खरंच. फुलांचे हलके वास उडतात, मान्य. पण तुरटपणा आणि कडवटपणा वासात नसतो, तो राहतो. गहू, सुंठ आणि जांभळाचा मध हे तिन्ही एकत्र जे लागतात ते साखरेनं होत नाही. मोहरीचा मध घातला की नुसतं गोड होतं.

आत्याला हे पटलं नाही, पण तिनं ते खोडूनही काढलं नाही. मी दोन्ही खाल्ले आहेत आणि मला फरक कळतो. फक्त सुंठ कमी पडली पाहिजे. जास्त झाली तर कुठलाही मध सारखाच.

मग उष्टावणाचा विषय निघाला, आणि दोघींनी एकदम बाजू बदलल्यासारखं झालं.

आत्या : ती ऑर्डर का नाही घेत म्हणालीस?

भाची : बाळ सहा महिन्यांचं आहे. वर्षाच्या आतल्या मुलाला मध द्यायचा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत. एवढ्या लहानाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग रडण्याचा आवाज क्षीण होतो, मान धरवत नाही, श्वासाला त्रास.

आत्या : काहीतरीच. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवतात. तुझ्या बापाला चाटवलाय मी स्वतः. बसलाय की समोर धडधाकट.

भाची : क्वचित होतं गं, म्हणूनच लोकांना खरं वाटत नाही. पण ज्याला होतं त्याला अतिदक्षता विभागात न्यावं लागतं. डॉक्टर एकमुखानं नाही म्हणतात तिथे मी कशाला केक द्यायचा?

आत्या : पण तू तर भाजणार आहेस. भट्टीत मरतील ना ते?

भाची : नाही मरत. मघाशी म्हटलं ना, केकच्या आत शंभरही होत नाही. ते बीजाणू मारायला कुकरसारखा दाब आणि एकशे एकवीस डिग्री लागते.

आत्या : छान! म्हणजे वास जातो आणि जंतू राहतात. मग भट्टीत घालून मिळवलंस काय?

भाचीला यावर हसू आवरलं नाही, आणि मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळ्यात तिखट युक्तिवाद हाच होता. जुन्या रीतीच्या बाजूनं बोलणाऱ्या आत्याला बाळाला मध चाटवण्याची जुनी रीत सोडायला जड गेलं. ‘आमच्या वेळी’ हे पालुपद तिनं आणखी दोनदा आळवलं. शेवटी भाचीनं त्या बाईंना कळवलं, ‘एक वर्ष होईपर्यंत मध नको, केकमध्येही नको. केळं आणि खजुराचा करून देते.’ आत्या मागून म्हणाली, ‘उष्टावणाला तांदळाची खीर करा म्हणावं, केक कसला?’ ते काही तिनं कळवलं नाही.

भाची : आता एक मी विचारते. पावसाळ्यात तुमच्याकडे फुलं नसतात. तेव्हा माश्या काय खातात?

आत्या : पेटीत त्यांच्यापुरता मध ठेवतो. कमी पडला तर साखरेचा पाक देतो. जावळीतला पाऊस तू पाहिला नाहीस. महिना महिना माशी बाहेर पडत नाही.

भाची : म्हणजे माश्यांना साखर चालते, आणि माझ्या केकला ती कमीपणाची?

आत्या : माश्यांना जगवायला देतो, विकायला नाही. तो पाक संपतो तेव्हा संपतो. मध काढायचा तो जांभूळ-हिरडा फुलल्यावर, उन्हाळ्यात. पाक घालून मध काढणारा मधपाळ आमच्यात कोणी नाही. बाहेर आहेत.

मी : बाहेर खूपच आहेत. 2020च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तेरा ब्रँडचे मध तपासून घेतले. त्यातले तीनच सगळ्या चाचण्यांत उतरले. बाकीचे अडकले ते जर्मनीत करून घेतलेल्या एनएमआर चाचणीत. चाचणीला चकवा देणारं सिरप कारखान्यात तयार होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भाची : बाबा, तसला मध असला तर आत्याचा नि माझा वादच संपला. कॉर्न किंवा तांदळाचं सिरप भट्टीत घातलं काय आणि बाहेर ठेवलं काय.

आत्या : आणि गिऱ्हाइकाला काय वाटतं, माहितेय? थंडीत मध गोठून रवाळ झाला की म्हणतात साखर घातलीय. बाटल्या परत आणतात. ग्लुकोज जास्त असलेला खरा मध गोठतोच. कोमट पाण्यात बाटली उभी केली की पुन्हा सैल. पेटीच्या आतसुद्धा चौतीस-पस्तीस डिग्री ऊब असते, तेवढी त्याला चालते. पण लोक मायक्रोवेव्हमध्ये घालतात.

भाची : मी नाही घालत.

आत्या : तू भट्टीत घालतेस.

चहा झाला. केकचं सामान मुलीनं ओट्यावर काढलंच होतं. आत्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीवर कागदाची चिठ्ठी होती, ‘जांभूळ’. दुसरीवर काहीच नव्हतं.

आत्या : ही बिनचिठ्ठीची मिश्र फुलांची. भाज, तळ, काय करायचं ते कर.

भाची : मला जांभळाचा हवा.

आत्या : तो पोळीबरोबर खायचा.

भाची : गव्हाच्या केकला मिश्र फुलांचा काय कामाचा? साखरच घालीन मग. एकच केक करते. सुंठ अर्धाच चमचा, आच एकशे साठच. ओळखता नाही आला तर पुढच्या वर्षी मागणार नाही.

आत्या : एका केकपुरता काढून घे. वजन करून. आणि बाबाला चाखायला देऊ नकोस, तो तुझ्याच बाजूनं बोलेल.

भाची : मग कोणाला देऊ?

आत्या : मीच सांगेन. परवा आहे ना मी इथे. आणि मधाचे पैसे द्यायचेस, घरचा म्हणून फुकट नाही. माश्यांनी काय फुकट केलाय?

मुलीनं काटा शून्यावर आणला. पाऊण कप नाही घातला तिनं. दोनशे ग्रॅम घातला आणि दूध कमी केलं.